मुलांना पहिलं नाटक, पहिला नाच, पहिली सर्कस दाखवताना

मुलाला पहिल्यांदा नाटकाला न्यायचं ठरलं की घरात हमखास एक प्रश्न निघतो, ‘बसेल का तो दोन तास?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर पुढे येईलच. पण त्याआधी एक गोष्ट मोठ्यांनी लक्षात घ्यायला हवी. आजच्या मुलानं आतापर्यंत ज्या गोष्टी पाहिल्या, त्या बहुतेक पडद्यावर पाहिल्या. पडद्यावरचा राक्षस थांबवता येतो, पुन्हा मागे नेता येतो, त्याचा आवाज कमी करता येतो. रंगमंचावरचा राक्षस जिवंत माणूस असतो. त्याला थांबवायचं बटण नाही आणि त्याला प्रेक्षकांतलं सगळं ऐकू येतं. एखादं पोर जिवाच्या आकांतानं ‘मागे बघ, मागे बघ!’ असं ओरडलं, तर तो खरोखर मागे बघतो. समोरचा माणूस खरा आहे आणि आपण इथे आहोत हे त्याला कळतंय, हे मुलाला जाणवावं म्हणूनच आपण तिकीट काढतो. वय, वेळ, खुर्ची, खाऊ ही सगळी तयारी तेवढ्यासाठी.

मी हे मुख्यतः महाराष्ट्र-गोव्यातल्या पालकांसाठी, आजी-आजोबांसाठी आणि हौशी मामा-मावश्यांसाठी लिहिते आहे. नाटकाबद्दल जास्त लिहिलंय, कारण बालनाट्याची इतकी भरगच्च परंपरा आपल्याकडे आहे आणि तरी नव्या पालकांना सुरुवात कुठून करावी हे कळत नाही.

आधी मूल पाहा, मग जाहिरात

तीन वर्षांखालच्या मुलाला दोन अंकी नाटकाला नेऊ नका. नाटक वाईट असेल म्हणून नव्हे. अंधार, मोठा आवाज आणि इतक्या वेळचं एका जागी बसणं हे तिन्ही एकदम त्याच्या अंगावर येतं. या वयाला बाहुल्या उत्तम. रामदास पाध्ये यांच्या बोलक्या बाहुल्या कित्येक पिढ्यांनी पाहिल्या. त्यांच्या वडिलांनी, य. के. पाध्ये यांनी घडवलेले अर्धवटराव तर आता शंभरी ओलांडून बसलेत. कोकणात जाणार असाल तर कुडाळजवळच्या पिंगुळीला वाट वाकडी करून जा. तिथल्या ठाकर समाजानं कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत सांगायच्या गोष्टी, जपल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना त्यासाठीच २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. दोरा ओढला की बाहुली मान डोलावते आणि दोरा ओढणारे हातही दिसतात. लहान मूल कधी बाहुलीकडे, कधी हातांकडे बघत राहतं.

तीन ते पाच या वयात पाऊण तास ते तासाभराचा खेळ पुरे. सहा-सात वर्षांपासून मध्यंतरासह दोन तासांचं बालनाट्य बहुतेक मुलं आनंदानं बघतात. दहाच्या पुढे राजा-राणीची गोष्ट त्यांना ‘छोट्यांची’ वाटायला लागते, तेव्हा विषय बदला. हे आकडे सैल समजा. घरात गोष्ट ऐकताना जे मूल वीस मिनिटं एका जागी बसतं, ते नाट्यगृहात तासभर बसतं असा माझा अंदाज आहे, आणि तो सहसा चुकत नाही.

आवाजाला घाबरणारं, गर्दीत गोंधळणारं किंवा स्वमग्न मूल असेल तर त्याला घरी ठेवू नका. तयारी वेगळी करा. कानांवर लावायचे आवाज कमी करणारे हेडफोन, मधल्या मार्गालगतची खुर्ची, बाहेर जायचा रस्ता आधी दाखवलेला, आणि ‘नको वाटलं तर आपण बाहेर जाऊ, परत यावंसं वाटलं तर येऊ’ हे आधीच सांगितलेलं. व्हीलचेअर असेल तर नाट्यगृहात आदल्या दिवशी फोन करून रॅम्प कुठल्या दारापाशी आहे आणि खुर्ची आत कुठे लावता येईल, हे विचारून घ्या. ‘सोय आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका.

कुठलं नाटक निवडायचं

मराठी बालनाट्य हौसेपुरतं न राहता नेटानं उभं राहिलं ते १९५९ मध्ये. सुधा करमरकरांनी ‘लिटल थिएटर’ सुरू केलं आणि रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं. त्यांचा आग्रह साधा होता: मुलांचं नाटक म्हणून नेपथ्य, कपडे, प्रकाश यांत काटकसर चालणार नाही. पुढे १९६२ मध्ये मतकरींनी स्वतःची ‘बालनाट्य’ ही संस्था काढली. चेटकिणी, राक्षस, विसरभोळे राजे आणि चतुर पोरं यांनी भरलेला हा प्रवाह आजही वाहतो आहे. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण एका पिढीनं दिलीप प्रभावळकरांची पाहिली आणि २०१८ मध्ये नाटक नव्यानं आलं तेव्हा नातवंडांनी वैभव मांगल्यांची. पहिल्या नाटकासाठी असं काहीतरी निवडा: गोष्ट सरळ, गाणी भरपूर, दुष्ट कोण हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

दुसरा प्रवाह पुण्यातून आला. बर्लिनच्या ‘ग्रिप्स’ नाट्यसंस्थेच्या धर्तीवर १९८६ मध्ये डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकारानं मराठीत प्रयोग सुरू झाले. ‘छान छोटे वाईट्ट मोठे’ हे श्रीरंग गोडबोले यांनी मराठीत आणलेलं नाटक त्यातलं पहिलं. यात राक्षस नसतो. आईबाबांची भांडणं, खेळायला जागा नसणं, मुलगा-मुलगी भेद, मोठ्यांची दादागिरी अशा मुलांच्या खऱ्या अडचणी असतात आणि मुलांच्या भूमिका मोठे नट करतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला दाढी केलेला पस्तिशीचा ‘मुलगा’ जरा विचित्र वाटतो, पण मुलं पाच मिनिटांत ते मान्य करून टाकतात. आठ-नऊच्या पुढच्या मुलांना हे नाटक दाखवलंत तर घरी जाताना ती तुमच्याशी भांडतील. भांडू द्या.

तिसरा पर्याय नवख्यांच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे स्पर्धा. राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची बालनाट्य स्पर्धा वेगवेगळ्या शहरांतल्या केंद्रांवर होते. तिकीट नाममात्र, एका दिवसात पाठोपाठ अनेक छोटी नाटकं, आणि रंगमंचावर शाळकरी मुलंच. काही नाटकं कच्ची असतात, एखाद्याचा शब्द अडतो. पण आपल्याच वयाची मुलगी तिथे उभी राहून बोलते आहे, हे पाहणाऱ्या मुलाचा चेहरा बघा. आठ वर्षांच्या पुढे हा अनुभव जरूर द्या. मध्येच निघायचं झालं तर दोन नाटकांच्या मध्ये निघा.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. बालनाट्य या नावाखाली सगळंच बालनाट्य नसतं. कुठे सिनेमाची चालू गाणी वाजवून मुलांना खुर्चीसमोर नाचवतात, कुठे जाड मुलावर किंवा तोतरेपणावर विनोद असतात, कुठे सबंध संवाद आधी ध्वनिमुद्रित करून नट नुसते ओठ हलवतात. या शेवटच्या प्रकारात तर जिवंत प्रयोगाचं कारणच संपतं, कारण मूल काही बोललं तरी नट थांबू शकत नाही. तिकीट काढण्याआधी पाहून आलेल्या एखाद्या पालकाला तीन गोष्टी विचारा: किती वेळाचं आहे, नट स्वतः बोलतात-गातात का, आणि घाबरवणारा प्रसंग कुठला.

तिकीट आणि खुर्ची

नाटकांच्या जाहिराती अजूनही वर्तमानपत्रात असतात आणि त्या वाचायला शिकणं सोपं आहे. नाटकाच्या नावाखाली वार, तारीख, वेळ आणि नाट्यगृहाचं नुसतं आडनाव असतं: ‘रवि. दु. ४ गडकरी’ म्हणजे रविवारी दुपारी चार वाजता ठाण्याचं गडकरी रंगायतन. ‘शिवाजी’ म्हणजे दादरचं शिवाजी मंदिर. पुण्यात ‘बालगंधर्व’ म्हणजे बालगंधर्व रंगमंदिर, ‘यशवंतराव’ म्हणजे कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह. जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत किती वर्षांपुढच्या मुलाला पूर्ण तिकीट लागेल ते लिहिलेलं असतं. मांडीवर बसवू म्हणून निघण्याआधी तेवढं वाचा. बुकिंग बुकमायशोवर होतं, मराठी नाटकांसाठी ‘तिकिटालय’ हे ॲपही आहे. पण पहिल्या वेळी जमलं तर तिकीटबारीवर जा. बारीवरचा माणूस कुठून काय दिसतं हे ॲपपेक्षा चांगलं सांगतो, शिवाय मुलाला नाट्यगृह आधी बाहेरून पाहायला मिळतं.

बालनाट्यांचे प्रयोग उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत सर्वांत जास्त लागतात. वेळ निवडताना मुलाची झोप बघा. दुपारी झोपणाऱ्या चार वर्षांच्या मुलीला चारच्या प्रयोगाला नेलंत तर ती पहिल्या अंकात पेंगेल आणि दुसऱ्यात रडेल. सकाळचा प्रयोग असेल तर तोच घ्या.

खुर्चीबद्दल. पहिली रांग मिळाली म्हणून खूश होऊ नका. रंगमंच उंच असतो. पहिल्या-दुसऱ्या रांगेतून छोट्या मुलाला मान वर करून बघावं लागतं, पायांकडचं काही दिसत नाही, आणि चेटकीण अगदी अंगावर येते. पाचवी ते दहावी रांग सगळ्यांत चांगली. मधल्या मार्गाला लागून खुर्ची घेतली तर पुढच्या मोठ्या माणसाच्या डोक्याआडून बघायची वेळ आली तरी मूल कलतं होऊन बघू शकतं आणि बाहेर नेणंही सोपं. अगदी कडेच्या खुर्च्या टाळा, तिथून विंगेतली माणसं दिसतात. बाल्कनी स्वस्त असते, मोठ्या मुलांना चालते. छोट्यांना नको, कारण खाली वाकून बघण्याचा मोह आवरत नाही.

एक बारीक अडचण कुणी सांगत नाही. नाट्यगृहातल्या दुमडणाऱ्या खुर्च्यांना हलकं मूल पुरत नाही. बसलेलं मूल खुर्चीसकट मिटतं. जाड चादरीची किंवा शालीची घडी बरोबर ठेवा. ती खाली घातली की उंचीही वाढते, आणि वातानुकूलन जास्त झालं तर तीच पांघरता येते.

छोटं नाट्यगृह जवळ असेल तर तिथून सुरुवात करणं मला जास्त आवडतं. पुण्याच्या शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच किंवा मुंबईत जुहूचं पृथ्वी थिएटर अशा जागी नट हाताच्या अंतरावर असतात, त्यांचा श्वास ऐकू येतो. पृथ्वीमध्ये उन्हाळ्यात मुलांसाठी नाटकं आणि शिबिरं असतात. तिथे उशिरा येणाऱ्याला आत सोडत नाहीत, तेव्हा रस्त्यातल्या गर्दीचा हिशेब धरून निघा.

जायच्या आधी

गोष्ट थोडीशी सांगा, शेवट सांगू नका. नाटक गाजलेलं असेल तर त्याचं एखादं गाणं घरात लावून ठेवा. ओळखीचं गाणं अंधारात धीर देतं. राक्षस किंवा चेटकीण असेल तर त्या नटाचा साध्या कपड्यातला फोटो दाखवा आणि सांगा, ‘हे काका आहेत, ते तोंडाला रंग लावून चेटकीण होतात.’ काहींना वाटतं यानं गंमत जाते. जात नाही. मुलांना दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानता येतात: ती चेटकीण आहे आणि ते काका आहेत.

तीन घंटांचं घरीच सांगून ठेवा. पहिली घंटा म्हणजे शू करून यायचं, दुसरी म्हणजे जागेवर बसायचं, तिसरी झाली की दिवे जातील आणि पडदा उघडेल. अंधार होणार हे आधी माहीत असलेलं मूल तिसऱ्या घंटेची वाट बघतं. माहीत नसलेलं दचकतं.

परदेशात किंवा परप्रांतात वाढणाऱ्या, मराठी जेमतेम कळणाऱ्या मुलांसाठी क्रम थोडा बदला. सुट्टीत आल्यावर आधी बाहुल्या, सर्कस, नाच. मग गाण्यांचं बालनाट्य. संवादांवर चालणारं नाटक शेवटी. भाषा कळत नसताना दोन तास हसणाऱ्या लोकांत बसणं मुलाला फार एकटं पाडतं.

नाट्यगृहात

अर्धा तास आधी पोहोचा. मोबाइल बंद करा. कंपनावर ठेवलेला फोनही हातात उजळतोच, आणि तुम्ही फोनकडे बघताय हे मूल टिपतं. प्रयोगाचं चित्रण करू नका. ते नियमानं चुकीचं आहेच, शिवाय मूल मागे वळून तुम्हाला काही दाखवू पाहील तेव्हा तुमच्या चेहऱ्यासमोर फोन असेल.

बालनाट्यात गप्प बसण्याचा नियम मोठ्यांच्या नाटकासारखा नाही. नट प्रश्न विचारतात, मुलं उत्तरं देतात, राक्षसाचा ठावठिकाणा ओरडून सांगतात. त्यांना ‘श्श’ करू नका. मात्र नटानं विचारलं नसताना शेजारच्याशी मोठ्यानं बोलणं, समोरच्या खुर्चीला लाथा मारणं, चुरचुरणारं पाकीट उघडणं हे थांबवायला हवं. फरक मुलांना कळतो: वरच्या माणसाशी बोललेलं चालतं, आपापसांत बोललेलं त्याला त्रास देतं.

मूल रडायला लागलं तर ‘थांब, आता संपेल’ म्हणत बसू नका. लगेच उचलून बाहेर जा, पाणी द्या, दार किलकिलं करून लांबून बघा. काही नाट्यगृहांत मागे काचेची क्रायरूम, म्हणजे रडणाऱ्या मुलाला घेऊन बसायची खोली, असते. आत शिरतानाच ती कुठे आहे हे पाहून ठेवा. भीती वाटल्यामुळे बाहेर आलेलं मूल दारातून बघता बघता बरेचदा स्वतःच म्हणतं, ‘चल, आत.’ नाही म्हणालं तर घरी जा. पैसे वाया गेले हे त्याच्यासमोर बोलू नका. पुढच्या वेळी ते आपण होऊन येईल की नाही, हे आजच्या तुमच्या वागण्यावर ठरतं.

मध्यंतरात आधी स्वच्छतागृह, मग बटाटावडा. उलट केलंत तर रांगेतच तिसरी घंटा होते. वडा मात्र जरूर खा. नाटकाची सवय मुलांना लागते त्यात नाट्यगृहाच्या उपाहारगृहाचा वाटा मोठा आहे.

आणि प्रयोग संपल्यावर घाईनं पार्किंगकडे पळू नका. आपल्याकडे प्रेक्षकांनी आत जाऊन कलाकारांना भेटण्याची चांगली रीत आहे. दारावरच्या माणसाला विचारा, हो म्हणाला तर मुलाला रंगपटापर्यंत न्या. अर्धा रंग पुसलेली चेटकीण टॉवेल घेऊन चहा पिताना दिसली की उरलीसुरली भीती जाते आणि तिथून खरं कुतूहल सुरू होतं. मुलाला पुढे ढकलून ‘नमस्कार कर, फोटो काढ’ म्हणू नका. नट थकलेला असतो, त्याला लगेच पुढचा प्रयोगही असू शकतो. दोन मिनिटं पुरेत.

नाच

शास्त्रीय नृत्याला लहान मुलांना नेणारे फार कमी. ‘त्यांना काय कळणार’ असं म्हटलं जातं. मला उलटं वाटतं: नाटकातली भाषा न कळणाऱ्या मुलालाही घुंगरू कळतात. फक्त तासाभरापेक्षा मोठा कार्यक्रम नको. २९ एप्रिल हा जागतिक नृत्यदिन. त्याच्या आसपास शहरांत बरेच कार्यक्रम होतात आणि काही विनामूल्य असतात. नृत्यविद्यालयांचे वार्षिक कार्यक्रमही चांगले, पण ते लांबतात. दोन नृत्यांच्या मधल्या टाळ्यांत उठून निघालं तर कुणालाच वाईट वाटत नाही.

कथक पाहायला जाणार असाल तर घरी तीनताल शिकवून न्या. सोळा मात्रा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर हात रिकामा उलटा. जेवणाच्या टेबलावर दहा मिनिटांत जमतं. कथकात नर्तक आधी बोल तोंडानं म्हणून दाखवतो, त्याला पढंत म्हणतात, आणि मग तेच पायांनी करून दाखवतो. मांडीवर ताल धरून बसलेलं मूल नर्तकाच्या बरोबरीनं समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतं आणि त्या क्षणी ते तुमच्याकडे ज्या नजरेनं बघतं, त्यासाठी एवढा खटाटोप करावा. भरतनाट्यम असेल तर हातांच्या मुद्रा ओळखायचा खेळ करा: हे हरीण का, हे कमळ का, हा मोर का. चूक ओळखली तरी चालेल.

लोकनृत्यांचे कार्यक्रम तर सर्वांत सोपे. लेझीम, कोळीनृत्य, धनगरी गजा, गोंधळ. एक नाच पाच-सात मिनिटांचा, ढोलकी आणि हलगी कानाशी. छोट्यांना मधल्या मोकळ्या जागेत उभं राहून नाचू द्या.

सर्कस

भारतीय सर्कस मराठी माणसानं उभी केली, हे मुलांना तंबूत शिरण्याआधी सांगायलाच हवं. सांगली भागातल्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे घोडे शिकवण्यात तरबेज होते. इटालियन कियारिनीची सर्कस मुंबईत आली, ती पाहून त्यांनी जिद्दीनं स्वतःची ‘ग्रेट इंडियन सर्कस’ काढली आणि २० मार्च १८८० रोजी मुंबईत तिचा पहिला खेळ केला. छत्रे गाण्याचेही तितकेच वेडे. ग्वाल्हेर घराण्याचे रहिमतखाँ त्यांच्या आश्रयाला होते. पुढे केरळातल्या तलश्शेरीला कीलेरी कुञ्ञिकण्णन यांनी कसरतपटू घडवायला सुरुवात केली आणि तिथून देशभरच्या सर्कशींना कलाकार मिळाले. योगायोग असा की २० मार्च हाच दिवस आता जगभर मुलांच्या रंगभूमीचा दिवस म्हणून पाळला जातो.

आजोबा वाघ-सिंहांच्या आठवणी सांगतील आणि मूल तंबूत वाघ शोधेल. त्याला आधीच सांगा की वाघ नसतील. १९९८ च्या सरकारी अधिसूचनेनं वाघ, सिंह, बिबळ्या, अस्वल आणि माकड यांना खेळ करायला लावण्यावर बंदी आली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. लहान मुलांना सर्कशीत कामाला ठेवण्यावरही २०११ च्या न्यायालयाच्या आदेशानं बंदी आली. पुण्याच्या दामू धोत्र्यांनी वाघ-बिबळ्यांचे खेळ करून अमेरिकेपर्यंत नाव मिळवलं, ती गोष्ट अभिमानानं सांगा. आणि पिंजऱ्यातलं जनावर आता तिथे नाही हे बरं झालं, हेही सांगा. दोन्ही सांगता येतं. मुलाला आता जे पाहायचंय ती माणसाच्या अंगाची कमाल आहे: झुल्यावरून सुटलेले हात दुसऱ्या हातांत पोहोचण्याआधीचा तो एक क्षण.

तंबू शोधणं सोपं आहे, कारण सर्कस शहरात आली की फलक लागतात. पुण्याच्या रॅम्बो सर्कशीसारख्या मोठ्या सर्कशींची तिकिटं ऑनलाइनही मिळतात. एप्रिल-मेमध्ये दुपारचा खेळ टाळा. कापडाखाली फार उकडतं. संध्याकाळचा घ्या. पाच वर्षांखालचं मूल असेल तर मागच्या गॅलरीच्या फळ्यांवर बसू नका, फळ्यांमधून पाय सटकतो. रिंगणाजवळच्या खुर्च्या जरा महाग, पण तिथे बसा. आत शिरताच बाहेर पडायची दोन दारं पाहून ठेवा. मौत का गोला, म्हणजे जाळीच्या गोळ्यातल्या मोटरसायकली, सुरू होण्याआधी कानांवर हात ठेवायला सांगा. आवाज प्रचंड असतो आणि पेट्रोलचा धूर दाटतो. दमा असलेल्या मुलाला त्या वेळी बाहेर न्या.

विदूषकांपैकी काही जण उंचीनं खूप लहान असतात. मूल मोठ्यानं काहीतरी विचारणारच. तेव्हा गडबडून त्याचं तोंड दाबू नका. ‘काही माणसांची उंची एवढीच राहते. हे काका पडायचं, उडायचं, हसवायचं काम शिकलेत. बघ, पडले तरी लागत नाही त्यांना, कसं जमवतात?’ असं सांगितलं की नजर उंचीवरून हुन्नरीवर जाते. हसायचं असेल तर त्यांच्या युक्तीला हसू दे.

सर्कशीनंतर आठवडाभर घरात सोफ्यावरून उड्या पडतात. ‘खाली जाळी असते, वर्षानुवर्षं सराव असतो’ हे आधीच बोलून ठेवा, आणि जमिनीवर गादी घालून कोलांट्या मारू द्या. जमलं तर तीन लिंबांपासून झेलाझेली शिकवा. त्यात हाडं मोडत नाहीत.

जत्रेतलं नाटक

सिंधुदुर्गात किंवा गोव्यात नातेवाईक असतील तर कार्तिकानंतर जत्रांच्या दिवसांत दशावतार दाखवा. तिकीट नाही, खुर्चीचा प्रश्न नाही, देवळासमोर चटई टाकायची. खेळ रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो, म्हणून मुलांना दुपारी झोपवा, पांघरूण घ्या आणि सुरुवातीचा गणपती, संकासुर राक्षस एवढं दाखवून पेंगुळली की तिथेच झोपू द्या. पखवाज वाजला की उठतील. यात संवाद लिहिलेले नसतात, नट जागच्या जागी रचतात. स्त्रीभूमिका पुरुष करतात आणि आपला रंग आपणच लावतात. खेळाआधी परवानगी घेऊन ते रंगताना मुलांना पाहू द्या. ओळखीचा दुकानदार हळूहळू राजा होताना पाहणं, ही मुलांसाठी मला ठाऊक असलेली सगळ्यांत मोठी जादू आहे.

घरी आल्यावर

‘काय शिकलास?’ हा प्रश्न विचारू नका. काहीच न विचारलं तरी चालेल. दोन-तीन दिवसांनी ओढणी अंगाला गुंडाळून चेटकीण घरात फिरायला लागते, तेव्हा प्रेक्षक व्हा. तिकीट मागितलं तर तिकीट घ्या, तिसरी घंटा होईपर्यंत थांबा, फोन बाजूला ठेवा.

पुढची पायरी नाट्यशिबिराची. उन्हाळ्यात ती जागोजागी निघतात. नाव घालण्याआधी एकदा जाऊन बघा: एका मार्गदर्शकामागे किती मुलं आहेत, दिवसाचा किती वेळ खेळण्यात जातो आणि किती संवाद पाठ करण्यात, शेवटच्या प्रयोगात प्रत्येक मुलाला काही करायला मिळतं का, की चुणचुणीत चौघांभोवती बाकीची झाडं आणि दगड म्हणून उभी राहतात. स्वच्छतागृह, निघायच्या वेळी मुलाला कुणाच्या ताब्यात देतात, आणि मोठी माणसं मुलांशी कशी बोलतात हेही पाहा. लाजाळू मुलाला ‘स्टेजची भीती जावी’ म्हणून ढकलू नका. आधी त्याला आणखी दोन-तीन नाटकं प्रेक्षकांत बसून पाहू द्या, आणि ‘मला करायचंय’ असं त्यानं स्वतः म्हटलं की मग नाव नोंदवा.